श्रीखंडाच्या डब्यावरचं लेबल पावसाळ्यात साच्यातच सरकतंय: इन-मोल्ड लेबलिंगचा अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा

कुपवाडचा_मोल्डर | ३ जुलै, सकाळी ९.४०

नमस्कार मंडळी,

सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत माझं छोटं मोल्डिंग युनिट आहे, चार मशिनं. श्रीखंड, आम्रखंड, चक्का, दही यांचे डबे करतो. आजवर डबा पांढरा साधा काढायचा आणि डेअरीवाले त्यावर स्टिकर लावायचे. पण फ्रीजमधून बाहेर काढला की डब्याला पाणी सुटतं, स्टिकरचे कोपरे उचलले जातात आणि आठवड्यात डबा जुनाट दिसायला लागतो. म्हणून आमच्या एका डेअरीने इन-मोल्ड लेबल मागितलं.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: छापलेली पातळ पॉलीप्रॉपिलिनची (पीपी) फिल्म रोबोट प्रत्येक शॉटआधी, म्हणजे माल भरण्याआधी, साच्यात ठेवतो, साचा बंद होतो, मागून वितळलेलं पीपी येतं आणि लेबल डब्याच्या भिंतीचाच भाग होऊन बाहेर पडतं. नखाने सुटत नाही, पाण्याने भिजत नाही.

५०० ग्रॅमचा गोल डबा, दोन कॅव्हिटी (साच्यातल्या डब्याच्या आकाराच्या पोकळ्या), बाजूने आत येणारा रोबोट, लेबल स्टॅटिकवर, म्हणजे स्थिर विजेच्या भाराने, धरलेलं. एप्रिलमध्ये ट्रायल घेतल्या तेव्हा सगळं इतकं छान आलं की डेअरीने दसऱ्याची पूर्ण ऑर्डर या डब्यात द्यायचं ठरवलं. जूनच्या शेवटच्या आठवड्यापासून मात्र रोज त्रास सुरू आहे:

लेबल दोन-तीन मिलिमीटर खाली घसरतं किंवा तिरकं होतं. काही डब्यांत प्लॅस्टिक लेबलच्या वरून वाहतं, म्हणजे छपाईवर पांढरा ओघळ येतो. दोन नंबरच्या कॅव्हिटीत हे जास्त. सकाळी मशीन सुरू केल्यावर आणि जेवणाच्या सुट्टीनंतर सर्वात वाईट, आठातला एक डबा बाद.

स्टिकर चुकला तर काढून दुसरा लावता येतो. इथे लेबल चुकलं की डबाच गेला, आणि छापलेला डबा दळून परत खाण्याच्या डब्यात घालता येत नाही. लेबलवाल्याचं म्हणणं साचा खराब, साचेवाल्याचं म्हणणं लेबल खराब. मला खरं कारण हवं आहे.

रंगपेटी_वसई | ३ जुलै, सकाळी ११.०५

मी लेबलांच्या छपाईत आहे, त्यामुळे आधी आमच्या बाजूचे प्रश्न विचारते.

१. लेबलांचे गठ्ठे कुठे ठेवता? गोदामात की मशीनजवळ?
२. पुठ्ठ्याची पेटी उघडल्यावर आतली प्लॅस्टिकची पिशवी पूर्ण फाडता की हवे तेवढेच काढून परत बंद करता?
३. गठ्ठा टेबलावर ठेवला तर कडा वर वळतात की खाली?
४. रोबोट कधी दोन लेबलं एकदम उचलतो का?

या लेबलाकडून आपण दोन उलट गोष्टी मागतो. गठ्ठ्यातून सुटं निघावं म्हणून त्याच्यावर विजेचा भार नको, आणि साच्यात गेल्यावर चिकटून राहावं म्हणून तिथे भार टिकायला हवा. फिल्म बनवणारे आणि आम्ही छापणारे हा तोल ४५ ते ५५ टक्के आर्द्रता गृहीत धरून सांभाळतो. तुमच्या शेडमध्ये आत्ता किती आहे?

कुपवाडचा_मोल्डर | ३ जुलै, दुपारी १२.२०

ताई, गठ्ठे मशीनजवळच्या लोखंडी मांडणीवर आहेत, पिशव्या उघड्या. कडा किंचित वर वळतात. दोन लेबलं एकदम उचलणं एप्रिलमध्ये दोन-तीनदा झालं होतं, आता अजिबात नाही.

आर्द्रता मोजायला आत्ता मीटर आणून घेतला. शेडमध्ये २६ अंश आणि ८८ टक्के.

रंगपेटी_वसई | ३ जुलै, दुपारी १२.४५

एप्रिलमध्ये दोन लेबलं एकत्र येत होती आणि आता येत नाहीत, यातच निम्मं उत्तर आहे. तेव्हा हवा कोरडी, भार सुटत नव्हता. आता फिल्मवर ओलाव्याचा डोळ्याला न दिसणारा थर बसतो आणि भार त्यावरून निसटतो. कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलायचा खेळ श्रावणात करून बघा, कपटे हलत नाहीत. तेच इथे.

सत्तरीतला_फिटर | ३ जुलै, दुपारी ४.१०

मी पिंपरीच्या टूलरूममध्ये आयुष्य काढलं, आता निवृत्त आहे. बादलीवर स्क्रीन प्रिंट, पेनावर हॉट स्टॅम्पिंग, बटणांवर पॅड प्रिंट हे सगळं पाहिलं. इन-मोल्डचे साचे शेवटच्या दहा वर्षांत केले.

लेबलाचं ताईंनी सांगितलं ते बरोबरच आहे. पण तुम्ही लिहिलंय ‘सकाळी आणि जेवणानंतर’. ही वेळ महत्त्वाची आहे. दुपारी एकला हवेतला ओलावा अचानक वाढत नाही. त्या वेळी दुसरं काय होतं ते बघा. मशीन थांबलेलं असतं. साच्यात थंड पाणी फिरवणारा चिलर चालू राहतो का? पाण्याचं तापमान किती ठेवता?

आणि पांढरा ओघळ नेहमी एकाच बाजूला येतो की कुठेही? डब्याच्या बुडावर कॅव्हिटीचा नंबर कोरलेला असेल. तो आकडा सरळ धरून घड्याळ समजा आणि ओघळ किती वाजता येतो ते पन्नास डब्यांवर लिहून ठेवा.

कुपवाडचा_मोल्डर | ३ जुलै, संध्याकाळी ६.३०

काका, चिलर चालूच असतो. पाणी १२ अंश. रात्री मशीन बंद असलं तरी चिलर बंद करायची पद्धत नाही आमच्याकडे. ओघळाची नोंद उद्यापासून करतो.

सत्तरीतला_फिटर | ३ जुलै, संध्याकाळी ७.००

मग साच्याला घाम येतोय. २६ अंश आणि ८८ टक्के म्हणजे दवबिंदू, ज्याच्या खाली हवेतला ओलावा पाणी होऊन बसतो ते तापमान, साधारण २४ अंश. १२ अंशांचं पाणी फिरत असलेलं पोलाद थांबलेल्या मशीनमध्ये त्याच्या खूप खाली जातं. मशीन चालू असताना दर शॉटला गरम माल कॅव्हिटीचा पृष्ठभाग तापवतो, म्हणून घाम कमी. सुट्टीत तो तापवणारा माल नसतो. उद्या जेवणानंतर मशीन सुरू करण्याआधी साचा उघडा आणि कॅव्हिटीत कोरडं बोट फिरवा.

दोन नंबरची कॅव्हिटी पाणी आत येतं त्या इनलेटच्या जवळची आहे का तेही बघा.

प्लास्टिक_विद्यार्थिनी | ३ जुलै, रात्री ९.१५

मी संभाजीनगरच्या सिपेट या प्लॅस्टिकचं तंत्र शिकवणाऱ्या संस्थेत शिकते. मला मूळचाच एक प्रश्न पडला आहे. पीपीचा माल २२० ते २४० अंशांना येतो. लेबलाची बीओपीपी (दोन्ही दिशांना ताणलेली पीपी) फिल्म १६० ते १६५ अंशांच्या आसपास वितळते आणि जाडी जेमतेम ५० ते ७० मायक्रॉन. मग लेबल पूर्ण वितळून छपाई नाहीशी का होत नाही?

न्यूर्नबर्गहून | ४ जुलै, पहाटे १.५०

मी मूळचा नाशिकचा, गेली नऊ वर्षं जर्मनीत बव्हेरियात साचे बनवणाऱ्यांकडे आहे. तुमचा प्रश्न आवडला, कारण बाकी सगळं यावरच उभं आहे.

डब्याच्या लेबलात छपाई बाहेरच्या बाजूला असते, म्हणजे ती साच्याच्या थंड पोलादाला टेकलेली. कोरी बाजू मालाकडे. माल येऊन आदळतो तेव्हा कोऱ्या बाजूचा वरचा पातळ थर वितळतो आणि डब्याच्या भिंतीशी एकजीव होतो. बऱ्याच लेबल फिल्ममध्ये हा थर मुद्दाम कमी तापमानाला वितळणारा ठेवलेला असतो. तोवर दुसऱ्या बाजूने पोलाद उष्णता खेचून घेतं, आणि भिंत अर्ध्या मिलिमीटरची असल्यामुळे सगळा खेळ क्षणात संपतो. छपाईला खरा ताप लागतच नाही. डिंक नाही, गोंद नाही.

पण यासाठी लेबल पोलादाला सगळीकडे नीट टेकलेलं हवं. मध्ये हवा राहिली तर तिथे थंडावा पोचत नाही, फुगा किंवा सुरकुती येते. म्हणून पुष्कळ लेबलांसाठी आतून सूक्ष्म पोकळ्या असलेली फिल्म वापरतात. मोल्डिंगनंतर तिचा पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा बारीक खडबडीत दिसतो, आणि अडकलेल्या हवेला ती जास्त सोसते. चकचकीत घट्ट फिल्म दिसायला सुंदर, पण तिला साच्यातले व्हेंट (हवा बाहेर जायच्या फटी) अगदी चोख लागतात.

प्लास्टिक_विद्यार्थिनी | ४ जुलै, सकाळी ८.००

खूप आभार! म्हणजे एका बाजूला वितळायला हवं आणि दुसऱ्या बाजूला वितळायला नको. साच्याचं कूलिंग इथे सायकल टाइमसाठी (एका शॉटला लागणाऱ्या वेळासाठी) जेवढं, तेवढंच छपाई वाचवण्यासाठी.

चाकण_पॅनेल | ४ जुलै, सकाळी १०.३०

धागा डब्यांचा आहे, पण आमच्याकडे याच्या बरोबर उलटं असतं म्हणून लिहितो. गाड्यांच्या एसी कंट्रोलचे पॅनेल करतो. तिथे पॉलिकार्बोनेटची (पीसी) फिल्म, पाव ते अर्धा मिलिमीटर जाड. छपाई फिल्मच्या मागच्या बाजूला, स्क्रीन प्रिंटने थरावर थर. मग फिल्म तापवून आकार देतात, कापतात, साच्यात बसवतात आणि मागून पीसी किंवा पीसी-एबीएसचं मिश्रण भरतात. छपाई फिल्म आणि प्लॅस्टिक यांच्या मध्ये बंद होते, म्हणून वर्षानुवर्षं बोट लागलं तरी चिन्हं पुसली जात नाहीत.

किंमत ही की रंगावर थेट माल येतो. पीसी असेल तर २८० अंशांच्या पुढचा. गेटसमोर, म्हणजे माल आत शिरतो त्या तोंडासमोर, रंग अक्षरशः धुऊन जातो. ‘वॉश-आउट’ म्हणतात त्याला. काळ्या पॅनेलवर गेटपासून धूमकेतूच्या शेपटीसारखा फराटा दिसतो. आमच्या पहिल्या पॅनेलला हाच रोग होता. साचा जुन्या पेंट केलेल्या पार्टचा होता, बारीक पिन गेट, तोच वापरू असं ठरलं. तीन महिने रंग बदलले, तापमान उतरवलं, इंजेक्शनचा वेग कमी केला. शेवटी गेट फॅनसारखा रुंद करून पॅनेलच्या दिसणाऱ्या भागाच्या बाहेर नेला तेव्हा सुटलं.

न्यूर्नबर्गहून | ४ जुलै, दुपारी १.४०

@चाकण_पॅनेल, अगदी हेच इथेही वारंवार दिसतं. रंग निवडताना त्याचा बाइंडर (रंग धरून ठेवणारा घटक) उष्णता सोसणारा हवाच. प्रोल कंपनीची नोरिफान एचटीआर ही शाई नेमकी या कामासाठी आहे. पण शाई किती सोसेल यालाही सीमा आहे. रंगाचे थर पूर्ण वाळले आहेत ना? आत सॉल्व्हंट राहिला तर तो फिल्मलाही खातो आणि मोल्डिंगमध्ये फुगाही धरतो.

आकार देण्याबद्दल: चिन्हं जागच्या जागी राहायला हवी असतील तर नुसत्या व्हॅक्यूमने भागत नाही, फिल्म जास्त तापून ताणली जाते. नीबलिंग या जर्मन कंपनीच्या पद्धतीत फिल्म तुलनेने कमी तापवून शंभर बारच्या वर हवेचा दाब देतात, त्यामुळे छपाई फारशी सरकत नाही.

तिसराही प्रकार आहे, वॉशिंग मशीनच्या पॅनेलवर किंवा मोबाइलच्या कव्हरवर दिसणारा. त्यात फिल्म पार्टवर राहतच नाही. पॉलिएस्टरच्या पट्टीचा रोल साच्यातून वरून खाली सरकतो. पट्टीवर सुटणारा थर, मग कठीण लाख, मग रंग, शेवटी चिकटणारा थर. माल भरला की उष्णतेने रंग पार्टला चिकटतो, साचा उघडला की पट्टी सुटी होऊन पुढे जाते. खुणेवर नजर ठेवणारा सेन्सर पुढचं चित्र बरोबर जागी आणतो. इथे जवळच फ्युर्टमध्ये कुर्झ आहे, सोन्याच्या वर्खाच्या धंद्यातून उभी राहिलेली कंपनी. दुसरं मोठं नाव निश्शाचं, १९२९ साली क्योटोत छापखाना म्हणून सुरू झालेली. एक वर्खवाली, एक छापखानेवाली, दोघी प्लॅस्टिकच्या साच्यात येऊन पोचल्या. मला याचं फार अप्रूप वाटतं.

या रोलच्या पद्धतीत उभट, खोल आकार जमत नाहीत, फॉइल फाटतं. श्रीखंडाच्या डब्याला ती उपयोगाची नाही.

कुपवाडचा_मोल्डर | ४ जुलै, दुपारी ३.१५

काका, तुम्ही सांगितलं तसं केलं. जेवणानंतर साचा उघडला, बोट फिरवलं. बोट ओलं. दोन नंबरच्या कॅव्हिटीत तर तोंडाशी थेंब दिसत होते, आणि हो, इनलेट तिकडूनच आहे. तीन वर्षं या साच्यावर साधे डबे काढले, घाम येत असणारच, पण साध्या डब्याला त्याचं काही वाटलं नाही म्हणून कुणी बघितलंच नाही.

आता काय करू? पाणी २५ अंशांवर नेलं तर सायकल टाइम वाढेल.

सत्तरीतला_फिटर | ४ जुलै, संध्याकाळी ५.००

एकदम २५ वर जाऊ नका. क्रमाने करा.

पहिलं, मशीन थांबलं की साच्याचं पाणी बंद. सुट्टी दहा मिनिटांची असली तरी. व्हॉल्व्ह मशीनच्या बाजूला, हाताशी लावा, म्हणजे ऑपरेटरला मागे जावं लागणार नाही. सुरू करताना आधी पाच-सहा शॉट बिनलेबलाचे काढा, साचा तापू द्या, मग रोबोट चालू करा.

दुसरं, साच्याभोवती पारदर्शक शीट लावून बंदिस्त करा आणि आत कोरडी हवा सोडा. त्यासाठी वेगळे डीह्युमिडिफायर मिळतात. तुमच्या दोन कॅव्हिटीच्या साच्याला छोटा पुरेल. कॉम्प्रेसरची हवा तशीच सोडू नका, तिच्यात पाणी आणि तेल दोन्ही असतं. तेलाचा पापुद्रा आला तर लेबल आणखी सरकेल.

तिसरं, एवढं करूनही घाम राहिला तरच पाणी १८-२० पर्यंत न्या.

आणि साच्यावर सिलिकॉन स्प्रे कुणी मारत असेल तर आजपासून बाटली कपाटात.

रंगपेटी_वसई | ४ जुलै, संध्याकाळी ५.४०

माझ्याकडूनही दोन गोष्टी. लेबलांसाठी एक छोटी एसी खोली करा, ८ बाय ८ ची चालेल. नवी पेटी मशीनवर नेण्याआधी एक दिवस त्या खोलीत राहू दे. मशीनवर न्यायची तेवढीच लेबलं पिशवीतून काढा.

कडा वर वळतात म्हणालात, तेही मला बघायचं आहे. बीओपीपी दोन्ही दिशांना ताणलेली असते, पण दोन्ही दिशांचा ताण सारखा नसतो. तुमचं लेबल गोल निमुळत्या डब्याचं, म्हणजे कमानीसारखं कापलेलं. ते शीटवर कोणत्या दिशेने मांडून छापलं यावर वळण अवलंबून असतं. खर्च वाचवायला शीटवर लेबलं उलटसुलट बसवली असतील तर एकाच गठ्ठ्यात दोन स्वभावांची लेबलं येतात. छापणाऱ्याला विचारा. आमच्या धंद्यातली ही चूक मी पाहिली आहे, आणि ती मोल्डरच्या माथी मारली जाते याचं मला वाईट वाटतं.

अन्नाच्या डब्याची शाई आयएस १५४९५ या भारतीय मानकाप्रमाणे आहे याचं पत्रही मागून घ्या. गठ्ठ्यात एका लेबलाची छापलेली बाजू दुसऱ्याच्या कोऱ्या बाजूला दाबलेली असते. शाई नीट वाळलेली नसेल तर तिचा अंश कोऱ्या बाजूवर येतो, आणि तीच बाजू डब्याच्या भिंतीत जाते.

दाणेवाला | ५ जुलै, सकाळी ७.३०

मी इचलकरंजीत पीपीचा भंगार माल दळून दाणा करतो. या लेबलाबद्दल आमच्या बाजूने एक सांगतो, कारण सगळे ‘एकच प्लॅस्टिक आहे म्हणून रिसायकल होतं’ एवढंच म्हणतात.

एकच प्लॅस्टिक आहे हे खरं आणि ते फार मोलाचं आहे. कागदी स्टिकरचा डबा आला की धुण्यात लगदा होतो, डिंक राहतो, दाण्यात काळे ठिपके येतात. पीव्हीसीची स्लीव्ह असलेला डबा पीपीत गेला तर त्याहून वाईट, ती हाताने कापून काढावी लागते. इन-मोल्डचा डबा आम्ही थेट दळतो.

पण रंग जात नाही. पांढऱ्या डब्यावर पूर्ण रंगीत लेबल असेल तर दाणा राखाडी निघतो. तो काळा करूनच विकावा लागतो, कुंड्या, क्रेट, बादल्या यांसाठी. पांढरा डबा पुन्हा पांढरा होत नाही. लेबल डिझाइन करणाऱ्यांनी गडद रंगाचे मोठे पट्टे कमी केले तर आम्हाला दोन पैसे जास्त मिळतील आणि माल जास्त वेळा फिरेल.

कुपवाडचा_मोल्डर | ५ जुलै, सकाळी ११.००

दाणेवाले दादा, हे मी डेअरीला नक्की सांगतो. त्यांच्या आम्रखंडाच्या लेबलावर पूर्ण केशरी पार्श्वभूमी आहे. वेलची श्रीखंडाचं पांढऱ्यावर हिरवं आहे, तसं दुसरंही करता येईल.

चाकण_पॅनेल | ५ जुलै, दुपारी १२.१०

@कुपवाडचा_मोल्डर, एक विचारायचं होतं. लेबल पूर्ण गोल फिरतं की अर्ध्या डब्यावरच? आमच्याकडे फिल्म एकाच बाजूला असल्यामुळे पॅनेल वाकतं. फिल्मकडची बाजू हळू थंड होते आणि फिल्म आकसतही वेगळी. कूलिंग दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या तापमानाचं ठेवून ते सांभाळावं लागतं.

कुपवाडचा_मोल्डर | ५ जुलै, दुपारी १२.४०

पूर्ण गोल आहे, शिवणीजवळ मिलिमीटरभर फट. साचेवाल्याने अर्धं लेबल नको म्हणूनच सांगितलं होतं, डबा अंडाकृती होतो आणि झाकण बसत नाही म्हणे. पीपी दीड-दोन टक्के आकसतं आणि लेबल तेवढं नाही, हे आता समजलं.

कुपवाडचा_मोल्डर | २२ जुलै, रात्री ८.३०

मंडळी, उशिरा लिहितोय, पण नोंदी घेऊन लिहितोय.

पाण्याचे व्हॉल्व्ह हाताशी आणले. साच्याभोवती शीट लावली, डीह्युमिडिफायर भाड्याने आणला. लेबलांची खोली केली. पाणी १६ वर ठेवलं. लेबल घसरणं जवळपास थांबलं. आठात एक होतं ते चाळिसात एकावर आलं. सायकल टाइम अर्ध्या सेकंदाने वाढला, तो मी सोसतो.

छापणाऱ्याने कबूल केलं की शीटवर लेबलं दोन दिशांना मांडली होती. पुढचा लॉट एकाच दिशेने देणार आहे. चांगला माणूस आहे, भांडण झालं नाही.

आता जे बाद होतात ते जवळपास सगळे दोन नंबरच्या कॅव्हिटीचे, आणि सगळे ओघळाचे. काका, तुमचं घड्याळ: ५० पैकी ४६ डब्यांत ओघळ दोन ते तीनच्या मध्ये.

सत्तरीतला_फिटर | २२ जुलै, रात्री ९.२०

याचीच वाट बघत होतो. आता लेबल, हवा, पाणी सगळं बाजूला ठेवा. दोन नंबरचे पाच डबे घ्या, उभे चार ठिकाणी कापा, बारा, तीन, सहा आणि नऊ वाजता. गळ्याखाली एकाच उंचीवर भिंतीची जाडी मायक्रोमीटरने मोजा. आकडे इथे टाका.

कुपवाडचा_मोल्डर | २३ जुलै, सकाळी १०.१०

पाच डब्यांची सरासरी, मिलिमीटरमध्ये:
बारा वाजता ०.६१
तीन वाजता ०.६६
सहा वाजता ०.५९
नऊ वाजता ०.५४

ड्रॉइंगवर सगळीकडे ०.६०.

सत्तरीतला_फिटर | २३ जुलै, सकाळी १०.४०

कोअर नवाच्या बाजूने... नाही, नीट लिहितो. कोअर, म्हणजे डब्याची आतली पोकळी करणारा साच्याचा मधला भाग, नऊच्या दिशेला सरकलाय, त्यामुळे तिकडची भिंत बारीक आणि तीनकडची जाड. माल बुडातून वर चढतो. जाड बाजूला त्याला वाट मोकळी, म्हणून तो तिकडून आधी वर धावतो आणि मग लेबलाच्या कडेवरून आडवा वळतो. कडा उचलली गेली की माल लेबल आणि पोलाद यांच्या मध्ये शिरतो. तोच तुमचा पांढरा ओघळ.

न्यूर्नबर्गहून | २३ जुलै, दुपारी १.१५

काकांच्या निदानाला हिशेबाची जोड देतो. पातळ फटीत दाब सारखा असेल तर मालाचा वेग ढोबळमानाने जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ०.६६ आणि ०.५४ म्हणजे वेगात जवळपास दीडपट फरक. बारा शतांश मिलिमीटर डोळ्याला दिसत नाही, पण मालाला तो हमरस्ता आणि गल्ली यांच्याइतका दिसतो. तो एका बाजूने आधी चढला की कोअरवर एकीकडून जास्त दाब येतो आणि कोअर आणखी सरकतो. म्हणजे दोष स्वतःला वाढवत नेतो.

कुपवाडचा_मोल्डर | २३ जुलै, दुपारी २.००

एप्रिलमध्ये का नव्हतं मग?

सत्तरीतला_फिटर | २३ जुलै, दुपारी २.३०

असणार. तेव्हा लेबल घट्ट धरलेलं होतं म्हणून माल त्याच्याखाली शिरू शकला नाही. पावसाळ्याने पकड सैल केली आणि साच्यातला जुना दोष उघडा पडला. तुमचा लेबलवाला आणि साचेवाला दोघेही अर्धे बरोबर होते.

कोअर आणि कॅव्हिटी जिथे एकमेकांत बसतात ती टेपर रिंग (निमुळती कडी) बघा. तीन वर्षांत झिजली असेल. साच्याला फक्त गाइड पिलरवर (साच्याचे दोन भाग सरळ जुळवणाऱ्या खांबांवर) विसंबून ठेवू नका. पातळ भिंतीच्या डब्याला टेपरचं लॉकिंग घट्ट लागतं. दोन कॅव्हिटीत एकेक वेगळं.

कुपवाडचा_मोल्डर | १८ ऑगस्ट, संध्याकाळी ७.१०

साचा टूलरूममधून परत आला. दोन नंबरची टेपर रिंग एका बाजूला खरंच झिजली होती, कुठे टेकते ते निळा रंग लावून बघितल्यावर अर्धी रिंग टेकतच नव्हती. दोन्ही रिंगा नव्या करून घेतल्या, तीन कामाचे दिवस आणि ग्राइंडिंगचा खर्च. आता चारी बाजूंच्या जाडीत ०.०३ पेक्षा जास्त फरक नाही. लेबलाचा नवा लॉटही आला, एका दिशेचा, कडा सपाट.

काल आणि आज मिळून साडेसहा हजार डबे काढले. बाहेर दोन दिवस संततधार होती, शेडमध्ये मीटर ९१ दाखवत होता, शीटच्या आत ४४. बाद झाले एकोणीस. त्यातले अकरा सुरुवातीचे, सहा रोबोटच्या एका ढिल्या सक्शन कपामुळे, दोन मला कळले नाहीत. ते दोन जपून ठेवले आहेत.

मुलाला घेऊन मोजायला बसलो होतो. तो डब्यावर नखाने कडा शोधत होता, सापडली नाही.

काका, पिंपरीत तुमच्याकडे श्रीखंड पाठवतोय. ताई, वसईलाही.

सत्तरीतला_फिटर | १८ ऑगस्ट, रात्री ८.००

श्रीखंड येऊ द्या, पण ते दोन न कळलेले डबेही बरोबर पाठवा.

रंगपेटी_वसई | १८ ऑगस्ट, रात्री ८.२५

खूप आनंद झाला. दसऱ्याच्या ऑर्डरची लेबलं कधी मागवताय? गणपतीच्या आधी छापून घ्या, नंतर सगळ्या प्रेसवर गर्दी असते. आणि हो, पेटी आली की एक दिवस त्या खोलीत, विसरू नका.

कुपवाडचा_मोल्डर | १८ ऑगस्ट, रात्री ९.००

आजच मागवली. आम्रखंडाचं लेबल पांढऱ्या पार्श्वभूमीवर केलंय, केशरी फक्त नावाला आणि आंब्याला. डेअरीचे मालक म्हणाले, हेच जास्त ताजं दिसतं.